सिलिॲक असताना सर्दीची आणि झोपेची गोळी



वस्तीतल्या एका ताईंना सिलिॲक आहे. या आजारात गहू आणि जव यांतल्या ग्लुटेनमुळे लहान आतड्याचे अस्तर खराब होते. ताईंनी चपाती सोडली, तशी ॲलर्जीची गोळीही सोडली. "गोळीत पीठ असतं म्हणे!" नाक बंद, रात्रभर जागरण. शेवटी शेजारणीकडची झोपेची गोळी घेतली. आम्ही त्यांना जे सांगितले, तेच इथे देत आहोत.

गोळीत काय असते?
गोळीला आकार यावा म्हणून औषधात स्टार्चची भर घालतात. तो बहुधा मक्याचा किंवा बटाट्याचा असतो, त्यात ग्लुटेन नसते. गव्हाचा स्टार्च क्वचित असतो. पण पट्टीवर भरीची यादी बहुतेक वेळा नसते, म्हणून विचारावे लागते.

१) डॉक्टरांना आणि औषध दुकानदाराला आधी आजार सांगा. "यात गव्हाचा स्टार्च किंवा माल्ट आहे का?" असे विचारा. माल्ट जवापासून होते.
२) त्यांना माहीत नसेल तर कंपनीला विचारायला सांगा. खात्री पटलेल्या गोळीची रिकामी पट्टी जपून ठेवा. कंपनी बदलली की भरही बदलू शकते, पुन्हा विचारा.
३) डॉक्टरांनी दिलेले दम्याचे किंवा फिटचे औषध भीतीपोटी बंद करू नका.

ॲलर्जीची गोळी
लोराटाडिन, फेक्सोफेनाडिनने गुंगी कमी येते. सेट्रिझिनने काहींना येते. क्लोरफेनिरामिनने जास्त येते आणि सर्दीच्या अनेक मिश्र गोळ्यांत ते असते. ते घेऊन रिक्षा चालवू नका, परातीवर चढू नका. झोपेसाठी रोज तर नकोच. म्हाताऱ्या माणसांना भ्रम होतो, लघवी अडकते. ॲलर्जीची गोळी घेतली म्हणून सिलिॲकमध्ये चपाती चालत नाही. कोपर-गुडघ्यांवर खाजरे फोड येत असतील तर ते सिलिॲकचेच असू शकतात, डॉक्टरांना दाखवा.

झोपेची गोळी
अल्प्राझोलामसारख्या गोळीची सवय लागते. दारूबरोबर घेतली तर श्वास मंदावतो, जीवही जातो. दुसऱ्याची गोळी कधीच घेऊ नका. झोप का येत नाही ते आधी शोधा. सिलिॲकमध्ये लोह नीट शोषले जात नाही. लोह कमी झाले की रात्री पाय वळवळतात आणि झोप मोडते. हिमोग्लोबिन आणि फेरिटिन तपासून घ्या.

आणि गिरणी?
गोळीवर शंका घेताना आपण गिरणी विसरतो. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ चालतात. पण गव्हाच्या पाठोपाठ दळले की त्यात गव्हाचे पीठ मिसळते. गिरणी झाडून भागत नाही. घरचे जाते किंवा गहू न दळणारी गिरणी बघा. बाजारच्या हिंगातही बहुधा मैदा असतो.

घरात कुणाला सिलिॲकची शंका असेल तर रक्ततपासणीआधी गहू सोडू नका, नाहीतर तपासणीत आजार दिसत नाही. आधी तपासणी, मग पथ्य. आणि गोळी घेण्याआधी विचारायला लाजू नका.