पाळी गेली म्हणजे सुटका नव्हे

‘एकदाची पाळी गेली, सुटले बाई!’ पन्नाशीतल्या बाईनं असं म्हटलं तर ठीक आहे. पस्तिशीतली म्हणत असेल तर ती सुटलेली नाही, अडकली आहे. चाळिशीच्या आत पाळी जाणं अकाली आणि पंचेचाळिशीच्या आत जाणं लवकर मानतात. अंडाशयातलं इस्ट्रोजेन हाडं आणि रक्तवाहिन्याही राखतं. ते वेळेआधी आटलं की हाडं ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो.

हा धोका सगळ्यांच्या वाट्याला सारखा येत नाही. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली, तेव्हा १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. डोक्यावर मुकादमाची उचल, एक दिवस चुकला की खाडा, फडात ना संडास ना पाणी. अशा बाईला अंगावरून पांढरं जातं म्हणून कॅन्सरची भीती घालणं हा उपचार नव्हे, धंदा आहे. कॅन्सर किंवा औषधांना न जुमानणारा रक्तस्राव असेल तर शस्त्रक्रिया हवीच. पांढरं जाण्यावर बहुधा गोळ्या पुरतात. पिशवीबरोबर अंडाशयही काढले तर रजोनिवृत्ती लगेच येते. ठेवले तरी ती काही वर्षं अलीकडे येऊ शकते, आणि पाळीची खूणच उरली नसल्यानं बाईला पत्ता लागत नाही.

कुपोषण आणि क्षयरोग असताना सरकारनं अकाली रजोनिवृत्तीवर पैसा का घालावा, असं कुणी विचारेल. पण कुपोषित बाई आणि ही बाई बहुतेकदा एकच असते. जुन्या, स्वस्त हार्मोन गोळ्यांच्या अभ्यासात औषध कंपन्यांना नफा नाही, तेव्हा तो खर्च सरकारनंच उचलायला हवा. अनावश्यक शस्त्रक्रिया रोखणारी मार्गदर्शक तत्त्वं राज्यांनी लागू करावीत, असं सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२३ मध्ये बजावलं. त्यानं पुढच्या बायका वाचतील. ज्यांची पिशवी आधीच गेली, त्यांची हाडं आणि रक्तदाब वर्षानुवर्षं तपासत राहणारा अभ्यास मात्र वेगळा लागेल, आणि त्यातल्या प्रत्येक नोंदीत अंडाशय ठेवले की काढले हे हवं.

तोवर तुम्ही एवढं करा. शस्त्रक्रियेचा कागद जपून ठेवा आणि अंडाशयांचं काय केलं ते डॉक्टरांकडून त्यावर लिहून घ्या. चाळिशीच्या आत तीन-चार महिने पाळी आली नाही, तर आधी गरोदरपणाची आणि मग थायरॉइडची व एफएसएच या हार्मोनची तपासणी करा. ऐन थंडीत रात्री घामानं ब्लाउज भिजत असेल तर ‘उष्णता झाली’ म्हणून सब्जा पीत बसू नका. मोबाइलवर विकली जाणारी ‘हार्मोन बॅलन्स’ चूर्णं तर नकोतच. वर्षभर बंद असलेली पाळी पुन्हा दिसली, तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा. हार्मोनच्या गोळ्यांना उगाच घाबरू नका: स्तनाचा कॅन्सर किंवा रक्ताच्या गुठळ्या झालेल्या नसतील, तर अकाली रजोनिवृत्तीत त्या साधारण पन्नाशीपर्यंत घेणं बहुतेकींच्या हिताचं असतं. फक्त त्या स्वतःच्या मनानं किंवा शेजारणीची चिठ्ठी दाखवून घेऊ नका.