एक्स्टेंड्स टाइप करण्याआधी

कुत्रा, मांजर आणि प्राणी हे त्रिकूट जर्नलपुरतंच ठेव. ‘प्राणी’ नावाचा क्लास, त्यात आवाज काढायची मेथड, कुत्रा भुंकतो, मांजर म्याँव करतं. ओरलला तेवढ्यावर मार्क मिळतात, ते घे. पण या उदाहरणात चुकायला जागाच नाही. कुत्र्याचं उद्या मांजर होत नाही आणि भुंकण्यावर कुणाचे पैसे अडलेले नसतात. इनहेरिटन्सचा सराव करायचा तर ती जिथे अडते असं काहीतरी घ्यावं. मावशीच्या हातचं एक उदाहरण देते: एसटीचं तिकीट.

लालपरी, शिवशाही, शिवनेरी, प्रत्येकीचा दर वेगळा. वर सवलती. 65 ते 75 वयाच्या ज्येष्ठांना अर्धं तिकीट, 75 पूर्ण झालेल्यांना 2022 पासून ‘अमृत’ नावाने मोफत प्रवास, महिलांना 2023 पासून अर्धं तिकीट. नवखा हात लगेच काय करतो? ‘तिकीट’ हा क्लास लिहितो आणि त्याला एक्स्टेंड करून ‘महिलातिकीट’, ‘ज्येष्ठतिकीट’, ‘अमृततिकीट’ काढतो. कंपाइल होतं, चालतं, झाडासारखी आकृतीही छान दिसते. मग 70 वर्षांच्या आजी येतात. त्या महिला की ज्येष्ठ? जावात एका क्लासला दोन सुपरक्लास मिळत नाहीत, म्हणून तू ‘ज्येष्ठमहिलातिकीट’ काढशील. मग शिवशाहीचं निराळं, शिवनेरीचं निराळं. तीन बस आणि पाच प्रकारचे प्रवासी म्हटले की पंधरा क्लास झाले, आणि विद्यार्थ्यांचा पास अजून आलेलाच नाही.

त्याहून वाईट गोष्ट पुढे आहे. प्रवाशांचेच तू ‘ज्येष्ठप्रवासी’ आणि ‘अमृतप्रवासी’ असे सबक्लास केलेस, आणि आजोबांनी पुढच्या महिन्यात 75 पूर्ण केली. ऑब्जेक्ट ज्या क्लासचा म्हणून जन्मला त्याच क्लासचा शेवटपर्यंत राहतो. वय वाढलं म्हणून जावा त्याचा क्लास बदलून देत नाही. तेव्हा जी गोष्ट आयुष्यात बदलू शकते, किंवा एकाच वेळी दोन असू शकतात, तिचा सबक्लास करायचा नाही. ‘अमुक म्हणजे तमुकच आहे का’ हा प्रश्न सगळे शिकवतात. त्याच्यापुढे ‘कायमचं आहे का’ हे तू स्वतः जोड.

आता तेच इंटरफेसने कर. ‘सवलत’ नावाचा इंटरफेस, त्यात एकच मेथड: प्रवासी आणि मूळ भाडं द्या, भरायची रक्कम घ्या. महिला, ज्येष्ठ, अमृत हे तीन छोटे क्लास तो इम्प्लिमेंट करतील. तिकिटाकडे सवलतींची यादी असेल, त्यातली सर्वांत कमी रक्कम ते घेईल. आजींचा प्रश्न मिटला. आजोबांचं वय दर वेळी जन्मतारखेवरून निघेल. नवी सवलत जाहीर झाली की नवा क्लास लिही, तिकिटाला हातसुद्धा लावायचा नाही. बसच्या प्रकारांचे तरी सबक्लास करू का, असं विचारशील. फरक फक्त दराचा असेल तर तो एक आकडा आहे, आणि आकड्यासाठी कुणी क्लास काढत नाही. ही युक्ती माझी नाही. एरिक गॅमा आणि तिघा सहकाऱ्यांच्या ‘डिझाइन पॅटर्न्स’ या 1994 च्या पुस्तकात ती स्ट्रॅटेजी या नावाने आहे. पण नाव पाठ करण्याआधी ते पंधरा क्लास एकदा हाताने लिहून बघ.

इंटरफेस लिहिताना वापरणाऱ्याच्या बाजूने सुरुवात कर. आधी तिकिटाचा कोड लिही, तिथे काय मागावंसं वाटतं ते बघ, आणि तेवढंच इंटरफेसमध्ये टाक. जावातले रनेबल आणि कंपेरेबल बघ, एकेकच मेथड आहे. आणि एक ऐक, प्रत्येक क्लासच्या उशाला एक इंटरफेस ठेवायची फॅशन तुला नोकरीत दिसेल: ‘बिलिंगसर्व्हिस’ आणि तिचा एकुलता एक ‘बिलिंगसर्व्हिसइम्प्ल’. तू ते करू नकोस. दुसरा इम्प्लिमेंट करणारा कोण, याचं उत्तर असेल तरच इंटरफेस काढ. टेस्टमध्ये वापरायचा खोटा क्लास हेही उत्तर चालतं.

इंटरफेसची सही कंपायलर तपासतो, वागणूक तपासत नाही. ‘सवलत’ने मूळ भाड्यापेक्षा जास्त रक्कम परत केली तरी कंपायलरला त्याचं काही नाही. म्हणून टेस्ट इंटरफेससाठी लिही आणि प्रत्येक इम्प्लिमेंटेशन त्याच टेस्टमधून काढ: रक्कम शून्याखाली नको, मूळ भाड्याच्या वर नको. सबक्लासचंही तसंच. सुपरक्लासच्या सगळ्या टेस्ट सबक्लासच्या ऑब्जेक्टवर चालव. एखादी पडली तर ते नातं खोटं आहे, कागदावर कितीही शोभो. बार्बरा लिस्कोव्ह यांनी 1987 च्या एका भाषणात जे मांडलं आणि पुढे ज्याला त्यांचंच नाव मिळालं, ते तत्त्व व्यवहारात एवढंच आहे. आयत आणि चौरसाचं उदाहरण तुला कुणीतरी शिकवेलच, मी त्यात वेळ घालवत नाही.

ओव्हरराइड करताना वर ॲट-ओव्हरराइड लिहिल्याशिवाय पुढे जायचं नाही. ‘प्रवासी’ क्लासमध्ये इक्वल्स मेथड लिहिताना पॅरामीटर ऑब्जेक्टऐवजी प्रवासी असा घेतलास, तर ते ओव्हरराइड नसून ओव्हरलोड होतं. तू स्वतः दोन प्रवासी ताडून बघितलेस तर उत्तर बरोबर येतं. तेच हॅशसेटमध्ये टाकलेस की एकच माणूस दोनदा बसतो, कारण हॅशसेट ऑब्जेक्टवाली मेथड बोलावतो. ती एक ओळ वर असती तर कंपायलरने तिथेच हटकलं असतं.

आता मोडायचा सराव. हा भाग कॉलेजात होत नाही आणि खरी अक्कल इथेच येते.

एक सुपरक्लास लिही, ज्याच्या कन्स्ट्रक्टरमधून ‘माहितीछाप’ ही मेथड बोलावली जाते. सबक्लासमध्ये बसचं नाव ठेवणारं एक फील्ड घे, त्याला तिथल्या तिथे ‘शिवनेरी’ ही स्ट्रिंग दे, आणि ‘माहितीछाप’ ओव्हरराइड करून ते नाव छाप. ऑब्जेक्ट बनव. पडद्यावर नल येईल. सुपरक्लासचा कन्स्ट्रक्टर आधी पळतो, तो बोलावतो सबक्लासची मेथड, आणि सबक्लासच्या फील्डमध्ये तोवर काही पडलेलंच नसतं. आता त्या फील्डला फायनल लाव आणि पुन्हा चालव. या वेळी ‘शिवनेरी’ छापून येईल! फायनल आणि थेट लिहिलेली स्ट्रिंग असली की कंपायलर ती किंमत वापराच्या जागीच चिकटवतो. म्हणजे एका शब्दाने दोष झाकला गेला, बरा झाला नाही. उद्या तेच नाव कुणी फाइलमधून वाचायला लागलं की नल परत हजर. कन्स्ट्रक्टरमधून ओव्हरराइड होऊ शकणारी मेथड बोलवायची नाही, हे मी दहा वेळा सांगितलं तरी राहणार नाही. तो नल एकदा डोळ्यांनी बघ.

दुसरं मोडकाम जोशुआ ब्लॉक यांच्या ‘इफेक्टिव्ह जावा’तलं आहे, 2001 सालचं, आणि अजून तितकंच टवटवीत. हॅशसेटला एक्स्टेंड कर आणि आजवर किती वस्तू आत टाकल्या हे मोजणारा काउंटर ठेव. ॲडमध्ये एकने वाढव, ॲडऑलमध्ये यादीच्या लांबीने वाढव, मग सुपरला बोलाव. तीन नावांची यादी ॲडऑलने टाक. काउंटर सहा सांगेल. कारण आतल्या आत ॲडऑल प्रत्येक नावासाठी ॲडलाच बोलावतं, आणि ती ॲड आता तुझी आहे. तुझा कोड बरोबर, हॅशसेटचा कोड बरोबर, उत्तर मात्र चूक. इनहेरिटन्स घेतलीस की सुपरक्लासच्या पोटात काय चाललंय त्यावर तू अवलंबून होतोस, आणि ते पोट बदलायचा हक्क दुसऱ्याचा असतो. उपाय सोपा आहे: हॅशसेट फील्ड म्हणून आत ठेव, सेट हा इंटरफेस इम्प्लिमेंट कर आणि कामं आतल्याकडे सोपव. टायपिंग वाढतं, वाढू दे. ब्लॉक हे जावाच्या कलेक्शन्सचे मुख्य रचनाकार. घर बांधणाराच भिंतीला टेकू नका म्हणतो, तेव्हा ऐकावं.

खुद्द जावातही जुनी चूक आहे. 1996 च्या पहिल्या आवृत्तीपासून स्टॅक हा क्लास व्हेक्टरला एक्स्टेंड करतो. स्टॅकमध्ये वरून ठेवायचं आणि वरूनच काढायचं. पण व्हेक्टरकडून आलेल्या मेथडी वापरून कुणीही तळाशी वस्तू घुसवू शकतो. चार मेथडी फुकट मिळाल्या आणि पंचवीस नको त्या गळ्यात पडल्या. लोकांचा कोड मोडेल म्हणून ते आज बदलता येत नाही. तू ॲरेडेक वापर.

इंटरफेसचंही असंच आहे, एकदा लोकांच्या हाती गेला की त्यात मेथड वाढवणं जड जातं. 2014 मध्ये जावा 8 मध्ये डीफॉल्ट मेथड आल्या त्या याचसाठी. कलेक्शनमध्ये स्ट्रीम ही मेथड घालायची होती आणि जगभर ज्यांनी ज्यांनी तो इंटरफेस इम्प्लिमेंट केला होता त्यांचा कोड मोडायचा नव्हता. सोय चांगली आहे, पण ती आहे म्हणून इंटरफेसमध्ये वाटेल ते भरत जाऊ नकोस.

इतकं ऐकून इनहेरिटन्सला हातच लावायचा नाही असं ठरवशील, तर तेही नको. काही क्लास एक्स्टेंड करण्यासाठीच बांधलेले असतात आणि काय ओव्हरराइड करायचं ते त्यांच्या डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलेलं असतं. ॲब्स्ट्रॅक्टलिस्ट हा त्यातला उत्तम नमुना. 1 ते 100 च्या वर्गांची यादी बनव, पण एकही वर्ग साठवू नकोस. ॲब्स्ट्रॅक्टलिस्ट एक्स्टेंड कर आणि दोनच मेथडी लिही: साइझ 100 देते, गेट मागितलेल्या जागेचा वर्ग काढून देते. मग त्या यादीत 49 आहे का विचार, सबलिस्ट माग, फॉर लूप फिरव, थेट छापून बघ. सगळं चालेल. ॲड कर, तेव्हा अनसपोर्टेड ऑपरेशनचं एक्सेप्शन येईल. ते कुठून आलं हे आयडीईमध्ये कंट्रोल दाबून क्लिक करत शोध, आणि शोधताना वाटेत ॲब्स्ट्रॅक्टकलेक्शन लागेल, तेही वाचून टाक. फार मोठं नाही, एका चहात होतं.