स्किझोफ्रेनिया आणि व्यायाम : आरोग्यखर्चाचा दुर्लक्षित पैलू

स्किझोफ्रेनिया अर्थात छिन्नमनस्कता असलेल्यांच्या अकाली मृत्यूची शक्यता इतरांपेक्षा दोन ते तीन पट अधिक असते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. हृदयविकारासारखे शारीरिक आजार हे त्याचे प्रमुख कारण होय. ओलान्झापिनसारख्या आवश्यक औषधांनीही वजन वाढते. औषधोपचारांस भरभर चालणे, सायकल चालविणे अशा एरोबिक व्यायामाची जोड दिल्यास हृदयाची क्षमता वाढते. स्मरणशक्ती व एकाग्रता सुधारल्याचेही अभ्यासांत आढळले आहे. मात्र निरुत्साह हे या आजाराचेच लक्षण असल्याने केवळ उपदेश पुरत नाही. सोबत व्यायाम करवून घेणारा प्रशिक्षित कार्यकर्ता लागतो. म्हणूनच १९९६ मध्ये सुरू झालेल्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात अशा मनुष्यबळासाठीही तरतूद हवी. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ मधील समान आरोग्यसेवेचा हक्क त्याशिवाय अपूर्णच राहील.