घरदुरुस्ती आणि ठेकेदार : एक व्यावहारिक अभ्यास

‘घर पाहावे बांधून’ असे आपल्या वाडवडिलांनी सांगून ठेवले आहे. पण राहत्या घराची दुरुस्ती करून पाहिलेला मनुष्य म्हणेल की, नवे घर बांधणे त्या मानाने सोपे. नव्या घराला नकाशा असतो, अभियंता असतो, मोकळी जागा असते. दुरुस्तीत यांतले काहीच नसते. भिंतीच्या आत काय दडले आहे हे ती फोडल्यावरच कळते, घरातली माणसे त्याच धुळीत स्वयंपाक करीत असतात, आणि सगळा व्यवहार बहुधा ओट्यावर उभ्याउभ्या तोंडी ठरलेला असतो.

बेळगाव, शहापूर, वडगाव या भागांत जुनी कौलारू घरे अजून पुष्कळ आहेत. त्यांची दुरुस्ती, वीजजोडणीची सुधारणा आणि अलीकडे सुरक्षेसाठी बसवायची जाळी, कुलुपे व कॅमेरे ही कामे गावातल्याच गवंड्याला, वायरमनला किंवा लहान ठेकेदाराला दिली जातात. अशा व्यवहारांतून तंटे का होतात? लबाडी हे एक कारण आहेच. परंतु त्याहून मोठे कारण म्हणजे न बोललेली गोष्ट. मालकाने एक गृहीत धरलेले असते, ठेकेदाराने दुसरे. ही गृहीते काम सुरू होण्यापूर्वी कागदावर कशी आणावीत, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

१. काम देण्याच्या तीन रीती

पहिली रीत रोजंदारीची. गवंडी आणि बिगारी यांना दिवसाचा पगार द्यायचा, माल आपण आणायचा, देखरेख आपण करायची. काम किती निघेल याचा अंदाज नसतो तेव्हा, म्हणजे भिंत फोडून पाहण्यासारख्या कामाला, ही रीत योग्य. मात्र वेळ वाढला तर खर्च मालकाचा वाढतो.

दुसरी रीत मोजमापावर काम देण्याची. गिलाव्याचा, फरशीचा, रंगाचा दर चौरस फुटावर ठरतो. विजेच्या कामाचा दर बहुधा पॉइंटवर ठरतो. येथे ‘फक्त मजुरी’ की ‘मालासकट’ हे स्पष्ट हवे.

तिसरी रीत गुत्त्याची किंवा ठोक रकमेची. सगळे काम इतक्या रुपयांत, असा हा सौदा. मालकाला तो सोयीचा वाटतो. परंतु ‘सगळे काम’ म्हणजे काय हे लिहिलेले नसेल, तर प्रत्येक राहिलेली गोष्ट ‘ती यात नव्हती’ या वाक्यापाशी येऊन थांबते. निघालेला राडारोडा कोणी उचलायचा, परांचीचे बांबू कोणाचे, पाणी आणि वीज कोणाची, इतक्या बारीक गोष्टीही लिहाव्या लागतात.

येथे कायद्याचा एक मुद्दा आहे. रोजंदारीवरचा मनुष्य आपल्या हुकमाखाली काम करतो; ठेकेदार ठरलेले काम स्वतःच्या जबाबदारीवर करून देतो. ग्राहक संरक्षण कायद्यातील ‘सेवा’ या व्याख्येतून वैयक्तिक चाकरीचा करार वगळलेला आहे. म्हणून कामात खोट निघाल्यास ग्राहक आयोगाचा दरवाजा ठेकेदाराविरुद्ध उघडा असतो, पण आपणच नेमून आपणच देखरेख केलेल्या रोजंदाराविरुद्ध तो सहसा उघडत नाही.

२. मोजमाप : दराइतकेच महत्त्वाचे

निदान तीन जणांकडून अंदाजपत्रक घ्यावे, हा सल्ला सर्वजण देतात. पण तिघांना सारखेच काम सांगितले नसेल, तर त्या तीन आकड्यांची तुलना व्यर्थ होय. म्हणून प्रथम आपली यादी आपण करावी आणि तीच तिघांना द्यावी.

एक उदाहरण घेऊ. खोली १२ फूट × १० फूट, उंची १० फूट. चार भिंतींचे क्षेत्रफळ ४४० चौरस फूट. त्यात ७ × ३ फुटांचे एक दार आणि ४ × ४ फुटांच्या दोन खिडक्या, म्हणजे ५३ चौरस फूट उघाड. ते वजा केले तर ३८७ चौरस फूट उरतात. गिलाव्याचा दर उदाहरणापुरता ४० रुपये धरला, तर एका हिशेबाने बिल १७,६०० रुपये आणि दुसऱ्या हिशेबाने १५,४८० रुपये होते. फरक २,१२० रुपयांचा. अशा चार खोल्या असतील तर ८,४८० रुपयांचा. दर दोघांनाही मान्य होता, तरी भांडण उभे राहिले!

यात गवंडी लबाडच असतो असे नाही. दाराखिडक्यांच्या कडा घडवण्यास कसब आणि वेळ लागतो, आणि वजावट न करणे ही त्या कामाची मजुरी अशी त्याची समजूत असते. बांधकामाच्या मोजमापाचे भारतीय मानक १२०० देखील याचा विचार करते. अर्ध्या चौरस मीटरपर्यंतच्या उघाडाची वजावट त्यात नाही. अर्धा ते तीन चौरस मीटर उघाड असेल आणि दोन्ही बाजूंना सारखाच गिलावा असेल, तर एकाच बाजूची वजावट होते. आपण कोणतीही पद्धत ठरवावी, पण ती आधी ठरवावी.

वाळूचेही असेच आहे. शंभर घनफूट म्हणजे एक ब्रास. परंतु ओलसर वाळू फुगते. पाच-सहा टक्के ओल असली की तिचे आकारमान वीस-तीस टक्क्यांनीही वाढू शकते. पावसाळ्यात घेतलेल्या ब्रासमध्ये प्रत्यक्ष वाळू कमी भरते ती यामुळे. माल आपण आणत असलो तर हे ध्यानात ठेवावे.

३. गवंडीकामातील तीन अटी

पहिली अट जुन्या भिंतीची. मातीच्या किंवा चुन्याच्या भिंतीवर कडक सिमेंटचा गिलावा केला, तर आतली ओल बाहेर पडू शकत नाही आणि काही पावसाळ्यांनंतर गिलावा पापुद्र्यासारखा सुटतो. अशा भिंतीला चुन्याचा किंवा तिच्याच जातीचा मऊ गिलावा मानवतो. भिंत कशाची आहे हे ठेकेदाराला दाखवून मगच मालाचे प्रमाण लिहावे.

दुसरी अट पाणी मारण्याची. सिमेंटच्या गिलाव्याला निदान सात दिवस ओल मिळाली पाहिजे. दुकानात मिळणारे सिमेंट आज बहुधा राखमिश्रित असते. त्याच्या काँक्रीटला दहा दिवस तरी पाणी हवे. हे काम कोणाचे, गवंड्याचे की घरच्यांचे? बहुतेक घरांत याचे उत्तर ‘आम्हांला वाटले ते मारतील’ असे मिळते, आणि भेगा मात्र दोघांच्याही नावावर पडतात.

तिसरी अट गच्चीची. गळतीचे काम उन्हाळ्यात होते आणि त्याची परीक्षा आषाढात. काम संपल्यावर गच्चीची नळकांडी बंद करून दोन दिवस पाणी कोंडून पाहावे, आणि तरीही थोडी रक्कम पुढचा एक पावसाळा पार पडेपर्यंत राखून ठेवावी. सरकारी बांधकामांत अशी सुरक्षा ठेव राखण्याचा प्रघातच आहे. घरच्या कामात तो आणायला हरकत नाही. मात्र ही रक्कम पहिल्याच दिवशी सांगितलेली असावी. शेवटी अचानक अडकवलेला पैसा ही ठेव नव्हे, अडवणूक होय.

४. विजेचे काम

येथे हयगय म्हणजे जिवाशी खेळ. दिवा, पंखा, फ्यूज किंवा बटण बदलण्यापलीकडचे नवे वायरिंग, वाढ वा फेरफार परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्यावा, असा दंडक १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांपासून चालत आला आहे. कर्नाटकात हा परवाना विद्युत निरीक्षणालय देते. तो पाहायला मागणे यात अपमान कसला? डॉक्टरांची पदवी भिंतीवर टांगलेली असतेच ना?

आता भाराचा हिशेब पाहू. पाणी तापविण्याचा गीझर २,००० वॅट, वातानुकूलन यंत्र १,५००, इस्त्री १,०००, मिक्सर ५००. बेरीज ५,००० वॅट. २३० व्होल्टने भागले की सुमारे २१.७ अँपिअर होतात. जुन्या घराचा मंजूर भार दोन किलोवॅट असेल, तर एकटा गीझरच तो व्यापून टाकतो. म्हणून नवी यंत्रे बसवण्यापूर्वी हेस्कॉमकडे भार वाढवून घेणे आणि मुख्य तार बदलणे हेही कामाच्या यादीत यावे.

तारेची जाडी कागदावर लिहावी. सामान्यतः दिव्यापंख्यांना दीड चौ. मि.मी., १६ अँपिअरच्या सॉकेटला अडीच, आणि गीझर किंवा वातानुकूलन यंत्राला चार चौ. मि.मी. तांब्याची तार घालतात. ‘चांगल्या कंपनीची तार’ एवढ्यावर भागत नाही. मानक चिन्ह आणि जाडी दोन्ही हवीत.

एम.सी.बी. आणि आर.सी.सी.बी. यांतील भेद पुष्कळांना ठाऊक नसतो. एम.सी.बी. तारेचे रक्षण करते, आर.सी.सी.बी. माणसाचे. गळणारा प्रवाह ३० मिलिअँपिअरपर्यंत जाताच मार्ग तोडणारी आर.सी.सी.बी. घरात असावीच, आणि अर्थिंग नीट नसेल तर यंत्राच्या अंगावर आलेला प्रवाह, कोणी हात लावीपर्यंत, तसाच दडून राहू शकतो. काम ताब्यात घेताना आर.सी.सी.बी.चे चाचणीचे बटण दाबून पाहावे आणि मेगरने तारांचा निरोध मोजून घ्यावा. तो एक मेगओहमहून कमी नसावा. भिंतीतल्या नळ्या बुजवण्यापूर्वी त्यांची छायाचित्रे काढून ठेवावीत. पुढे खिळा ठोकताना त्यांचे मोल कळते.

५. सुरक्षेचे काम

कुलूप, जाळी आणि कॅमेरे बसवणाऱ्या माणसाला आपल्या घराची सगळी माहिती होते. म्हणून या कामात ओळखीपाळखीची चौकशी अधिक कसोशीने करावी. त्याने आधी काम केलेली दोन घरे स्वतः पाहून यावीत. कामाच्या काळात दिलेल्या किल्ल्या मोजून परत घ्याव्यात आणि काम संपल्यावर मुख्य दाराच्या कुलपाचा आतला भाग बदलावा. कॅमेऱ्याच्या यंत्राचा गुप्त शब्द ठेकेदाराने घातलेला असतो; तो त्याच दिवशी आपण बदलावा. खिडकीची एखादी जाळी आतून उघडणारी असावी. आगीच्या वेळी तीच वाट उरते. कॅमेऱ्याचे तोंड शेजाऱ्याच्या अंगणाकडे नसावे, हे सांगणे न लगे.

‘महिन्याचे चित्रण साठते’ हे वाक्य सर्रास ऐकू येते. हिशेब करून पाहावा. एक कॅमेरा सेकंदाला दोन मेगाबिट माहिती पाठवीत असेल, तर दिवसाची ती सुमारे २१.६ गिगाबाइट होते. चार कॅमेऱ्यांची ८६.४. एक टेराबाइटची तबकडी अशा रीतीने साडेअकरा दिवसांत भरते आणि जुने चित्रण पुसू लागते. नव्या संकोचन पद्धतीने जागा साधारण निम्मी लागते, तरीही तेवीसच दिवस मिळतात. किती दिवस साठले पाहिजे हे करारात लिहिले, तर तबकडी कोणती घालायची हे आपोआप ठरते.

६. पैसा, मुदत आणि जादा काम

सगळी रक्कम आधी देऊ नये आणि सगळी शेवटी देतो असेही म्हणू नये. लहान ठेकेदाराला दर शनिवारी बिगाऱ्यांचा पगार भागवायचा असतो. त्याचा पैसा अडला की तो दुसऱ्या घरच्या कामाला लागतो, आणि आपली मोरी अर्धी फोडलेली राहते. कामाचे टप्पे पाडावेत, आणि प्रत्येक टप्पा पाहून, पावती घेऊन रक्कम द्यावी.

सर्वांत अधिक तंटे जादा कामातून उद्भवतात. ‘आलाच आहात तर तेवढा कट्टाही नीट करा,’ असे घरातले कोणीतरी म्हणते. गवंडी करतो. मालकाला वाटते फुकट केले. गवंड्याला वाटते बिलात येईल. येथे १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे ७० वे कलम गवंड्याच्या बाजूने उभे राहते. फुकट करण्याचा हेतू नसताना एखाद्याने दुसऱ्यासाठी कायदेशीरपणे काम केले आणि दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर मोबदला देणे लागते. म्हणून प्रत्येक जादा काम, त्याचा दर आणि त्यामुळे वाढणारे दिवस एका वहीत लिहून दोघांनी सही करावी. घरातून हुकूम देणारा मनुष्यही एकच असावा.

७. कागद कोणत्या भाषेत?

आपल्या भागात हा प्रश्न खरा आहे. मालकाला मराठी वाचता येते, गवंड्याला कन्नड, वायरमनला कदाचित उर्दू. करार अमुकच भाषेत हवा असे करार कायदा म्हणत नाही. उभयतांना एकच गोष्ट एकाच अर्थाने मान्य असली पाहिजे, एवढेच तो म्हणतो. तेव्हा दोन भाषांत दोन रकाने करावेत, आकडे आणि साधी आकृती घालावी, आणि दोघांसमोर मोठ्याने वाचावे. कामाच्या जागी भाषा तशाही एकमेकींना परक्या नाहीत. गवंडी दोन्हीकडे गवंडीच. आपल्या गुत्त्याला तिकडे गुत्तिगे म्हणतात. आपला सुतार तिकडे बडिगेर आणि आपली वाळू तिकडे उसुकु, एवढे मात्र शिकून घ्यावे. ज्याला वाचता येत नाही त्याचा अंगठा घेण्यापूर्वी त्याच्या विश्वासातला मनुष्य जवळ असावा.

करारात पुढील बाबी असाव्यात : कामाची यादी, मालाची जात व प्रमाण, दर व मोजमापाची रीत, टप्पे व रकमा, आरंभ व समाप्तीची तारीख, पाणी, परांची व राडारोड्याची जबाबदारी, कामगारांच्या सुरक्षेची जबाबदारी, राखून ठेवायची रक्कम व तिची मुदत.

इतके करूनही बिघडले तर प्रथम लेखी कळवावे आणि दुरुस्तीस वाजवी मुदत द्यावी. त्यानंतर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली, तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत, आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे जाता येते. दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. पण तेथेही पहिला प्रश्न हाच येईल : काय ठरले होते?

हा कागद अविश्वासाचे लक्षण आहे, असे आपल्याकडे अनेकांना वाटते. वस्तुतः उलट आहे. गवंडी आपल्याच गल्लीच्या पलीकडचा असतो. सणाला भेटतो, त्याची मुले आपल्या मुलांबरोबर शाळेत जातात. तोंडी व्यवहार बिघडला की घराबरोबर ही ओळखही पडते, आणि ती कोणत्याही ठेकेदाराला दुरुस्त करता येत नाही. पाऊण तास बसून लिहिलेला एक कागद या दोन्ही गोष्टी सांभाळतो.