शंका आहे, पुरावा नाही. मग कळवायचं कुणाला?

प्रश्न : मी मेहकर तालुक्यातल्या एका शाळेत शिकवते. आठवीतल्या एका मुलीच्या बोलण्यावरून वाटतं की घरातलाच एक माणूस तिच्याशी घाणेरडं वागतो. माझ्याजवळ पुरावा काहीच नाही. मुख्याध्यापक म्हणतात, आधी तिच्या घरच्यांना बोलावू, मग केंद्रप्रमुखांना विचारू. मी थेट पोलिसांत गेले आणि माझा अंदाज चुकला तर?
– एक शिक्षिका, जि. बुलडाणा

उत्तर : ताई, हे उत्तर वाचून झालं की आजच कळवा. घरच्यांना बोलावू नका. ज्याच्यावर संशय आहे तो त्याच घरात राहतो. शाळेतून निरोप गेला की संध्याकाळपर्यंत त्या मुलीचं तोंड बंद केलं जाईल, किंवा तिला मामाच्या गावी पाठवून दिलं जाईल. मुख्याध्यापकांचा हेतू चांगलाही असेल, पण धोका या मार्गातच आहे.

अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत शिक्षक, डॉक्टर, समुपदेशक अशा ठरावीक पेशांच्या लोकांवर कळवण्याचं बंधन असतं. आपल्याकडे १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू झालेल्या पोक्सो कायद्याने ते सगळ्यांवरच टाकलं आहे. अठरा वर्षांखालच्या मुलावर किंवा मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं ज्याला कळलं, किंवा तो होईल अशी ज्याला धास्ती वाटते, त्याने विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवायचं, असं कलम १९ सांगतं. त्यात शिक्षक आले, आशा ताई आल्या, अंगणवाडी सेविका, शेजारी, आत्या-मावशीही आल्या. लपवलं तर कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला, तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड.

या कलमात केंद्रप्रमुख किंवा गटशिक्षणाधिकाऱ्यांचं नाव नाही. त्यांना जरूर कळवा, खात्याचे नियम पाळा. पण वर सांगितलं म्हणजे तुमचं कर्तव्य संपलं, असं कायदा मानत नाही. साहेबांच्या परवानगीची वाटही बघायची नाही.

आपल्या जिल्ह्याला हे नव्याने सांगावं लागू नये. नोव्हेंबर २०१६ मध्ये खामगाव तालुक्यातल्या पाळा गावच्या निवासी आश्रमशाळेतल्या आदिवासी मुलींवरचे अत्याचार उघडकीस आले. दिवाळीच्या सुटीत घरी गेलेल्या मुलीने आपल्या माणसांना सांगितलं, तेव्हा ते बाहेर आलं. आरोपींमध्ये शाळेतले कर्मचारी होते, तसेच मुख्याध्यापक आणि संस्थेची माणसंही होती. विशेष तपास पथक नेमलं गेलं, शाळेची मान्यता गेली. मला त्यातलं सगळ्यात जास्त टोचतं ते असं, की शाळेत एवढी मोठी माणसं असताना मुलीला बोलायला घर गाठावं लागलं.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याचं प्रकरणही तुम्हाला माहीत असावं. तिथल्या वसतिगृहातल्या आदिवासी मुलींना तपासणाऱ्या डॉक्टरने अत्याचाराची माहिती असूनही कळवलं नाही, असा आरोप होता. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याच्यावरचा गुन्हा रद्द केला होता. सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २०२२ रोजी तो निर्णय फिरवला. माहीत असून न कळवणं हा स्वतःच गंभीर गुन्हा आहे आणि बहुतेक वेळा तो अत्याचार करणाऱ्याला वाचवण्याचा प्रयत्न असतो, असं न्यायालयाने म्हटलं.

आता तुमची भीती. प्रामाणिकपणे दिलेल्या माहितीबद्दल माहिती देणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी कारवाई होत नाही. कलम १९ मध्येच तसं लिहिलं आहे. शिक्षा आहे ती वैर काढायला मुद्दाम खोटी तक्रार करणाऱ्याला. तुमचा अंदाज चुकीचा निघाला तरी तुम्ही खोटं बोललात असं होत नाही. खरंखोटं शोधणं पोलिसांचं काम, निकाल देणं न्यायालयाचं. म्हणून तिला पुन्हा पुन्हा खोदून विचारू नका. 'तो तुला असंच करतो ना?' असे शब्द तिच्या तोंडात घालू नका. पुढे कोर्टात वकील नेमके त्यावरच बोट ठेवतात. ती आपणहून जे बोलेल ते शांतपणे ऐकून घ्या. 'तू सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी काही चूक नाही,' एवढं म्हणा. ती म्हणेल, 'मॅडम, कोणाला सांगू नका.' तसं वचन मात्र देऊ नका. 'तुला मदत करू शकतील अशाच माणसांना सांगेन,' असं सांगा. ती गेली की तिचे शब्द जसेच्या तसे, तारीख-वेळेसह वहीत लिहा. तुमचा तर्क त्यात मिसळू नका.

मग ठाणेदारांकडे जा, किंवा ११२ वर फोन करा. मुलांच्या मदतीसाठीचा १०९८ चोवीस तास चालू असतो, तिथे नाव न सांगताही कळवता येतं. तरी मी म्हणेन, जमलं तर ठाण्यात लेखी द्या. पोलिसांनी तुमची माहिती लिहून घेऊन, क्रमांक टाकून, तुम्हाला वाचून दाखवली पाहिजे. गुन्हा नोंदला की एफआयआरची प्रत फुकट मिळते. पोलिसांनी चोवीस तासांत बाल कल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवायचं असतं. घर सुरक्षित नसेल तर मुलीला कुठे ठेवायचं हे समिती बघते. तो निर्णय तुमच्या डोक्यावर नाही.

मुलीला जबाबासाठी ठाण्यात बोलावलं जाईल, ही भीती मी फार आयांकडून ऐकली आहे. जबाब तिच्या घरी किंवा तिला बरं वाटेल तिथे घ्यायचा, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, आणि तेही गणवेश न घालता. कुठल्याही मुलाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. मुलीची तपासणी महिला डॉक्टरनेच करायची, तिच्या भरवशाच्या माणसासमोर. घटना ताजी असेल तर अंघोळ आणि कपडे धुणं थांबवा, कपडे कागदी पिशवीत ठेवा आणि लगेच दवाखाना गाठा. गर्भधारणा आणि एचआयव्ही टाळण्याची औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. 'आधी पोलिसांचा कागद आणा' असं म्हणून डॉक्टरांना उपचार अडवता येत नाहीत.

स्टाफरूममध्ये याची चर्चा नको. शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर एक अक्षरही नको. मुलीची ओळख पटेल असं काही पसरवणं गुन्हा आहे, आणि आपल्याकडे गावाचं नाव नि इयत्ता एवढ्यानेही ओळख पटते. याच कारणासाठी तुमच्या पत्रातला काही मजकूर मी इथे छापलेला नाही.

ठाण्यात कुणी 'घरगुती मामला आहे, समजुतीने घ्या' म्हणालं, तर कलम २१ पुन्हा आठवा : माहिती नोंदवून न घेणाऱ्यालाही त्यात शिक्षा आहे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच मागा. नाही दिली, तर तोच अर्ज त्याच दिवशी स्पीड पोस्टाने बुलडाण्याला पोलीस अधीक्षकांकडे पाठवा, एक प्रत बाल कल्याण समितीला द्या आणि पोस्टाची पावती जपून ठेवा.