मशीनचं पोट बघ

फ्रीगंज, उज्जैन

चि. बाळू,

इंदूर रोडवरच्या दोन मॅरेज गार्डनच्या लॉनचं काम तुला मिळालं, असं ताई फोनवर सांगत होती. बरं वाटलं. गवत कापायचं मोठं मशीन जुनंच घेतोयस, तेही पटलं. नव्याच्या हप्त्यांत वर्षाची कमाई जायची. फक्त माझ्यासारखं घेऊ नकोस.

मी इंदूरहून टेंपोत घालून आणलं होतं. ताजा लाल रंग, दोरी ओढली की एका झटक्यात चालू. मी पोचायच्या आधीच ते तापवून ठेवलंय, हे डोक्यातच आलं नाही. दुसऱ्या दिवशी दहा मिनिटांत हातांना मुंग्या आल्या. टॉवर चौकाजवळच्या मिस्त्रीनं ते आडवं केलं आणि काही न बोलता पात्याकडे बोट दाखवलं. शाफ्ट वाकलेला! मशीन मॅरेज गार्डनमधलंच होतं. टेंटवाल्यांची एखादी लोखंडी खुंटी गवतात राहिली असणार आणि पातं तिच्यावर आदळलं असणार. रंग वरून मारतात रे, खाली कोण मारतो?

तेव्हा विकणाऱ्याला फोनवरच सांग, मी येईपर्यंत चालू करू नका. गेल्यावर आधी इंजिनला हात लावून बघ, गार हवं. मग प्लगची वायर काढ (हे विसरलास तर बोटं जातील), पेट्रोलचा कॉक बंद कर आणि एअर फिल्टर वरच्या बाजूला येईल असं मशीन आडवं कर, नाहीतर फिल्टरमध्ये ऑईल उतरतं. आता दोरी हळूहळू ओढ आणि पात्याच्या मधल्या बोल्टकडे बघ. बोल्ट जागच्या जागी फिरला तर ठीक. लट्टूसारखा डुलला तर चहा पिऊन निघून ये, भाव निम्मा केला तरी. पात्याभोवतीचा पत्राही पेचकसानं टोचून बघ. गंजलेला असेल तर आरपार जातो.

नंतर चालू कर. आडवं केल्यामुळे आधी थोडा धूर येईलच, तो मनावर घेऊ नकोस. पण पाच मिनिटांनीही निळाच येत असेल, तर इंजिन ऑईल खातंय.

कोणी रोलरवालं, क्रिकेटच्या मैदानासारखं गवत कापणारं मशीन दाखवेल. 1830 साली इंग्लंडात बडिंग नावाच्या माणसानं लोकरी कापडाचे तंतू छाटणाऱ्या यंत्रावरून ते बेतलं. कागद कात्रीसारखा कापला तर धार चांगली. पण एक खडा आला की पातं दातरलं. तुझ्या गार्डनात ते नको.

आणखी एक. देवशयनीपासून लग्नं बंद, आणि आपल्या काळ्या मातीत गवत वाढतं ते नेमकं तेव्हाच. दर लग्नामागे पैसे ठरवलेस तर चार महिने फुकट राबशील; वर्षाचं ठरव. 2028 च्या सिंहस्थाच्या नावानं मोठं मशीन गळ्यात मारतील, त्यांना हात जोड.

मशीन येईल तेव्हा आधी एका पोराला बादली देऊन लॉनभर फिरव. पहिल्या दिवशी किती खुंट्या निघाल्या ते मला कळव.

तुझा,
मामा