फ्रान्सचे लोणी आणि आपली मुले

राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती मिळवून आपल्या वस्त्यांतील मुले-मुली परदेशी शिकायला जाऊ लागली आहेत. ओळखीच्या एका घरातली मुलगी फ्रान्समध्ये ल्यों शहरी गेली. चार महिन्यांनी फोनवर म्हणाली, "आई, जीन्स बसत नाही गं." आई म्हणाली, "बरं झालं, अंगावर थोडं मांस आलं!" पण त्या घरात आजीलाही साखर आहे आणि वडिलांनाही. म्हणून ही गोष्ट हसण्यावारी नेता येत नाही.

मुलगी खात होती तरी काय? सकाळी क्रोसाँ. दुपारी कॉलेजला जाता-जाता लोणी लावलेले पावाचे सँडविच. चार वाजता चॉकलेट घातलेला पाव. रात्री अभ्यास करताना हाताशी चीज. यातला एकही पदार्थ वाईट नाही. चुकले ते एवढेच की सगळे रोज होते आणि बरेचसे चालता-चालता किंवा मोबाइल बघता-बघता पोटात जात होते.

क्रोसाँचे गणित समजून घ्या. पिठाच्या घड्यांत लोणी भरून तो करतात. साधारण 60 ग्रॅमच्या एका क्रोसाँमध्ये 12 ते 14 ग्रॅम स्निग्धांश असतो, म्हणजे जवळजवळ तीन लहान चमचे तेल. आपल्या ज्वारीच्या भाकरीत तेल नसल्यातच जमा. हाताला तो हलका लागतो, म्हणून फसायला होते. कामांबेर नावाच्या मऊ चीजची गोल डबी 250 ग्रॅमची असते आणि तीत 50 ग्रॅमच्या आसपास स्निग्धांश असतो. शिवाय मीठ वेगळे. एका वेळी 30 ग्रॅमचा तुकडा घेतला तर डबी आठ वेळा पुरते. आमच्या मुलीची दोन दिवसांत संपत होती.

आता फ्रेंच माणसे कशी जेवतात ते पाहू. बऱ्याच घरांत क्रोसाँ हा रविवारच्या सकाळचा पदार्थ. एरवी पावाचा तुकडा आणि कॉफी. दुपारचे जेवण बारा ते दोनच्या दरम्यान, बसून, गप्पा मारत. चीज जेवणाच्या शेवटी, गोडाच्या आधी, छोटे तुकडे करून. फ्रेंच भोजनपद्धतीला 2010 साली युनेस्कोने वारशाच्या यादीत घेतले, तेही सणासमारंभाचे जेवण म्हणून. आपण पुरणपोळी रोज करतो का?

म्हणून तिकडे गेलेल्या मुलांनी चाखावे जरूर. इतक्या लांब जाऊन तिथले खाणे न चाखता परत येणे हा शहाणपणा नव्हे! मात्र एका दिवशी जड पदार्थ एकच. दुपारी साय घालून भाजलेले बटाटे खाल्ले, तर रात्री सूप आणि सॅलड. विद्यापीठाच्या सवलतीच्या खानावळीत भाजी आणि फळ मिळते, ते आधी ताटात घ्यावे. दक्षिणेकडची रातातुय ही वांगी, टोमॅटो, झुकिनी यांची ऑलिव्ह तेलातली भाजी आपल्या जिभेला लगेच पटते. हॉटेलात नळाच्या पाण्याचा जग मागितला की फुकट मिळतो. गोड पेये कशाला?

वाइनबद्दलही सांगायला हवे. थोडी वाइन हृदयाला चांगली, असे तिथे कोणीतरी सांगेलच. दारूचे कोणतेही प्रमाण सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटना स्पष्ट सांगते. आपले पाचवे शील तर आहेच. कोंबडी किंवा मटण वाइनमध्ये शिजवण्याची तिथे पद्धत आहे आणि शिजताना दारूचा सगळा अंश उडून जातो हा समज चुकीचा आहे. मागवण्याआधी विचारावे, त्यात लाज कसली?

गरोदर मुलगी किंवा सून तिकडे असेल, तर कच्च्या दुधाचे चीज तिने खाऊ नये. त्यातून होणारा लिस्टेरियाचा संसर्ग बाळाच्या जिवावर बेतू शकतो. दूध-साय पचत नसेल, पोट फुगत असेल, तर कोंतेसारखे जुने, कडक चीज थोडे घेऊन पाहावे. त्यात दुधातली साखर जवळजवळ उरत नाही.

आपल्या भारतीय शरीराला मधुमेह युरोपीय माणसापेक्षा कमी वजनावरच गाठतो. त्यामुळे "इथली पोरं खातात, त्यांना काही होत नाही" हा हिशेब आपल्याला लागू नाही. शिंप्याची टेप बॅगेत टाकून द्या. कमरेचा घेर बाईचा 80 आणि पुरुषाचा 90 सेंटिमीटरच्या आत राहिला पाहिजे. घरात साखर असेल तर जाण्याआधी रक्त तपासून घ्यावे.

आईने बॅगेत चिवडा आणि लाडू भरले होते. आता मुलीने फक्त काळा मसाला मागवला आहे. ल्योंपासून फार लांब नसलेल्या ल प्युई भागात हिरवट मसूर पिकतो, तो तिला दुकानात सापडला. आईला काळजी, कुकर नाही तर शिजवणार कशी? त्याला कुकर लागत नाही. साध्या पातेल्यात वीस-पंचवीस मिनिटांत शिजतो.